एनर्जी बार असोसिएशनचं सदस्यत्व: नऊ महिन्यांनंतर

आधी माझ्याबद्दल, म्हणजे हा अनुभव तुमच्या किती कामाचा ते ठरवता येईल. मुंबईत सहा वर्षं वीज नियामक आयोगासमोरच्या प्रकरणांत ज्युनियर म्हणून फायली वाहिल्या. आता न्यू जर्सीत, सौर आणि बॅटरी प्रकल्प उभारणाऱ्या एका कंपनीत आहे. इथली बारची परीक्षा दिलेली नाही. असोसिएशन मुळात वकिलांची असली तरी ऊर्जा क्षेत्रातल्या इतरांनाही घेते, म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये सदस्य झाले. 'हे तुझ्या कामात मोडत नाही' म्हणून ऑफिसने फी नाकारली. पदरची भरली.

संस्था १९४६ सालची, वॉशिंग्टनची. तेव्हाचं नाव फेडरल पॉवर बार असोसिएशन, कारण विजेचा केंद्रीय नियामक होता फेडरल पॉवर कमिशन. १९७७ मध्ये त्याच्या जागी फर्क आलं, म्हणजे फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशन, आणि संस्थेच्या नावातही 'पॉवर'ची 'एनर्जी' झाली. पुढे 'फेडरल'ही गळलं. (आईला फोनवर सांगितलं की आज फर्कची ऑर्डर आली, तर ती विचारते, कशात फरक पडला?) पाटी दोनदा बदलली, आत काय बदललं ते मला बघायचं होतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो प्राथमिक वर्गांचा. इथे त्यांना प्रायमर म्हणतात. मी विजेचा ऑनलाइन केला. आमच्या कंपनीचं सगळं दुखणं ग्रिडजोडणीच्या, म्हणजे नव्या प्रकल्पांना ग्रिडला जोडून मिळायच्या रांगेत आहे, आणि ती रांग नेमकी का तुंबली ते मला तिथे पहिल्यांदा कळलं. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं विकासकांनी रुमाल टाकून ठेवले होते. जमीन हातात नाही, पैशांची सोय नाही, पण नंबर लावलेला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या हिशोबाने २०२३ अखेर देशभरात सुमारे २,६०० गिगावॉट रांगेत होते. चालू वीजकेंद्रांच्या एकूण क्षमतेच्या हे जवळपास दुप्पट. म्हणून फर्कने जुलै २०२३ मधल्या 'ऑर्डर क्रमांक २०२३' ने 'आधी आला त्याचा नंबर आधी' हा नियम काढून 'तयार असेल त्याचा नंबर आधी' असा केला. प्रकल्पांचा अभ्यास गटागटाने, आणि रुमाल उचलून निघून गेलात तर दंड. ही ऑर्डर मी आधी एकटीने वाचली होती. हजारच्या वर पानं, डोक्यात शून्य.

दुसरी गोष्ट एनर्जी लॉ जर्नल. १९८० पासून निघतं, संपादनात टल्सा विद्यापीठाचे कायद्याचे विद्यार्थी असतात. टल्सा म्हणजे ओक्लाहोमातलं, एके काळी स्वतःला जगाची तेलराजधानी म्हणवणारं गाव, आणि तिथली मुलं आज बॅटरीवरचे लेख तपासतात! जुने अंक मी रात्री उलटे वाचत गेले. मागे जावं तसा गॅस आणि पाइपलाइनचा वास वाढत जातो. अलीकडे यावं तशी १९९६ ची ऑर्डर ८८८ लागते, जिने पारेषण वाहिन्या सगळ्यांना खुल्या केल्या. मग ग्राहकांना विजेची मागणी कमी करण्याचेही पैसे देणं, मग साठवण. हे अंक ऑनलाइन फुकट आहेत, तेवढ्यासाठी सदस्य होऊ नका.

पण जर्नल निघतं वर्षातून दोनदा, आणि उद्योग तितका थांबत नाही. १ नोव्हेंबर २०२४ ला फर्कने पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना अणुकेंद्राशेजारच्या डेटा सेंटरला थेट मिळणारी वीज ३०० वरून ४८० मेगावॉट करायचा करार नाकारला, तेव्हा आमच्या ऑफिसात दिवसभर तोच विषय. अशा वेळी जर्नलची वाट बघून भागत नाही, असोसिएशनच्या ऑनलाइन चर्चाच उपयोगी पडतात. मला तिथे खरी गंमत वाटते ती जुन्या कायद्याची. फेडरल पॉवर ॲक्टचा हा भाग १९३५ चा. त्यात आता बॅटरी आणि डेटा सेंटर बसवायचं. शिवाय जून २०२४ पासून सर्वोच्च न्यायालयाने शेव्हरॉनचा निकाल मोडीत काढल्यामुळे, संदिग्ध कायद्याचा नियामकाने लावलेला अर्थ मानायला न्यायालयं बांधील नाहीत. आपला २००३ चा विद्युत कायदा यापुढे अगदी पोरगेला.

महाराष्ट्रातली म्हटलं की जुने सदस्य 'दाभोळ!' म्हणतात. एन्रॉन दोन्हीकडे विसरलेलं नाही.

तुमचं काम फक्त राज्यापुरतं असेल, छतावरचं सौर किंवा घरगुती दर, तर ही फी वसूल होणार नाही. इथला बहुतेक जीव वॉशिंग्टनमध्ये अडकलेला आहे. माझी वसूल झाली ती जून २०२५ मध्ये. न्यू जर्सीत बिलं १७ ते २० टक्क्यांनी चढली आणि मराठी मंडळाच्या सहलीत एका काकांनी मला धारेवर धरलं, "तुम्ही सोलारवाले, तुमच्यामुळेच ना?" त्यांना जुलै २०२४ चा पीजेएमचा क्षमता लिलाव सांगितला. पीजेएम म्हणजे न्यू जर्सीसह आसपासच्या राज्यांचं ग्रिड चालवणारी संस्था; गरजेच्या वेळी वीज देण्याची हमी ती या लिलावात वीजकेंद्रांकडून विकत घेते, आणि या लिलावाचे दर जून २०२५ पासून लागू झाले. आधीच्या लिलावात एका मेगावॉटला दिवसाला २८.९२ डॉलर होते, या वेळी २६९.९२. काका गप्प झाले, मग म्हणाले, "हे मराठीत लिहून दे."

सप्टेंबरात नूतनीकरण करणार आहे. फीचा अर्ज पुन्हा ऑफिसात दिलाय, उत्तर यायचंय.