छातीवरची की पाठीवरची? स्टेबिलायझर व्हेस्ट निवडताना

गॅरेट ब्राउन यांनी १९७० च्या दशकात स्टेडीकॅम (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं, अंगावर घालायचं साधन) आणला, तेव्हापासून रूढ आहे ती छातीवरची व्हेस्ट. व्हेस्ट म्हणजे कॅमेऱ्याचा भार अंगावर पेलणारं जाकीट. कॅमेरा पेलणारा स्प्रिंगचा आर्म जिथे अडकतो तो सॉकेट समोरच्या ताठ पट्टीवर बसतो. पाठीवरच्या प्रकारात भार मागच्या सांगाड्यावर जातो आणि एक दांडा कमरेला वळसा घालून सॉकेट पुढे आणतो.

छातीवरचीची मधली पट्टी वरखाली सरकते, त्यामुळे एकच व्हेस्ट वेगवेगळ्या बांध्यांच्या लोकांना चालते. पण छाती आवळली जाते, लांब शॉटमध्ये धाप लागते. पाठीवरचीत श्वास मोकळा राहतो. मात्र ती अंगाला चपखल बसायलाच हवी. सैल असेल तर दांडा डुलतो आणि तो हेलकावा थेट फ्रेममध्ये दिसतो.

माप रिकाम्या अंगावर पाहू नका, पूर्ण रिग (आर्म आणि कॅमेऱ्यासह सगळा संच) चढवून पाहा. वजन कमरेच्या हाडांवर टेकलं पाहिजे. खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं सहज सरकली तर ठीक. पट्टा रुतत असेल तर छातीवरचीत मधली पट्टी वर घ्या.

बांधणीत पॅडिंगचा मऊपणा भुलवतो (दुकानात सगळंच मऊ लागतं!). खरी परीक्षा सॉकेटची. तो मुठीत धरून जोरात पिळा. खडखडला किंवा पट्टी वाकली तर ती व्हेस्ट नको. पाठीवरचीत दांड्याचे सांधेही तपासा, कारण तिथे जोड जास्त.

व्हेस्ट चारजणांत फिरणार असेल तर मी छातीवरचीच घेईन. एकट्यासाठी, रोजच्या कामाला, पाठीवरची.