मल्टीमीटर घेताना मागचं झाकण उघडून बघा

जालन्यात रोलिंग मिलच्या पॅनलची कामं करतो. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानातून साडेतीन हजारांचा मल्टीमीटर घेतला. वर ठळक छापलेलं: ट्रू आरएमएस (वेव्हचा आकार कसाही असो, व्होल्टेज बरोबर दाखवणारा), कॅट थ्री १००० व्होल्ट (इमारतीच्या वायरिंग-पॅनलवर तेवढ्या व्होल्टेजपर्यंत सुरक्षित), १० अँपिअर फ्यूज्ड (त्या जॅकला आत फ्यूज). दुकानदारानं सॉकेटमध्ये प्रोब घालून तो स्वतःच्या चांगल्या कंपनीच्या मीटरशेजारी धरला. दोन्हीकडं २३४. "बघा साहेब, एका व्होल्टाचाही फरक नाही."

मेख इथंच आहे. घरातला लाइट साइन वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लाटेचा, त्यावर साधा मीटरही बरोबरच दाखवणार. साधा मीटर सरासरी काढून १.११ नं गुणतो, आणि हा गुणाकार साइन वेव्हपुरताच खरा. वेव्ह चौकोनी झाली की तोच मीटर ११ टक्के जास्त सांगतो. आपल्याकडं लोडशेडिंगच्या कृपेनं स्क्वेअर वेव्हचे इन्व्हर्टर काही कमी नाहीत. अशाच एकावर दोन मीटर लावले. मित्राचा खरा ट्रू आरएमएस २२८ दाखवतोय, माझा २५३. भागाकार करून बघा.

रीडिंगचं एक वेळ सोडा. मागचे स्क्रू काढले आणि पोटात गोळाच आला. आत काचेचा बारका फ्यूज, टोपीवर २५० व्होल्ट कोरलेलं. तोही फक्त मिलीअँपिअरच्या जॅकला. १० अँपिअरच्या जॅकवरून शंटची (करंट मोजायची) जाड तार थेट कॉमनला गेलेली, मधे काहीच नाही. आतल्या सर्किट बोर्डवर पीटीसीची (करंट वाढला की रोध वाढवून मीटर वाचवणाऱ्या भागाची) जागा छापलेली, तिथं तारेचा तुकडा डकवलेला. ४१५ व्होल्टच्या पॅनलवर लाल लीड चुकून १० अँपिअरमध्ये राहिली, तर तो मीटर नाही, सरळ शॉर्टच. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला सिरॅमिकचा एचआरसी (शॉर्टचा मोठा करंट तोडू शकणारा) फ्यूज असतो, तो आर्क, म्हणजे विजेची ठिणगी, आतल्या आत विझवतो. लीडच्या टोकांनाही चुंबक चिकटलं. म्हणजे पितळ नाही, लोखंडावर मुलामा.

परत घेऊन गेलो तर म्हणे, "सील तोडलं, आता माल तुमचा." बिलावर नुसतं 'मीटर १ नग', मॉडेल नाही की जीएसटी नंबर नाही. बिलावर मॉडेल लिहून घ्या, आणि वर छापलेलं खरंय असंही दुकानदाराकडून लिहून घ्या. लिहायला लावलं की बऱ्याचजणांचा सूर बदलतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीय. त्यानंतर दुकानातून फोन आला, दुसरा पीस देतो म्हणून. म्हटलं, तुमच्यासमोर उघडून बघणार. फोन ठेवला त्यानं.