नवा मिकी, नवा स्क्रूज: भिंती रंगवणाऱ्याचा अभिप्राय

मी गोव्यात फोंडा तालुक्यात रंगकाम करतो. शिगम्याला चित्ररथ, चतुर्थीला मखराचे पडदे, दिवाळीआधी नरकासुराचे मुखवटे आणि मे महिन्यात बालवाड्यांच्या भिंती. भिंतीवर कोण काढायचं हे पूर्वी मी ठरवायचो. हल्ली पोरं ठरवतात आणि बाई मोबाइलवर फोटो धाडतात: "पेंटर बाब, मिकी हाच हवा हां, तुमचा तो जुना नको." त्यामुळे जुन्या कार्टूनांचे नवे अवतार बघणं आता माझ्या धंद्यातच मोडतं. सोबतीला धाकटी मुलगी आणि भाचा असतात. त्यांचं मत माझ्यापेक्षा कडक.

माझी कसोटी आधीच सांगतो. चेहरा बदला, रेषा बदला, चड्डीचा रंग बदला, माझं काही म्हणणं नाही. पण या प्रत्येक जुन्या पात्राला एक खोड आहे. डोनाल्ड तापट, स्क्रूज चिकट, टॉम खुनशी, डॅफी जळका. पात्र चालतं ते त्या खोडीवर. आणि नवी मालिका काढणारे सगळ्यांत आधी तिलाच रंधा मारतात, कारण आईबापांना सालस पात्रं हवीत असा त्यांचा समज.

मिकीचंच बघा. भिंतीवर काढायला सगळ्यांत सोपा गडी. डोक्याला परातीचा घेर, कानांना दोन ताटल्या, बाकी हाताने. मान कुठेही वळवू दे, कान गोलच राहणार. पण १९२८ च्या 'स्टीमबोट विली'तला मिकी गोडबिड नव्हता. बोटीवरची जनावरं ओढून, पिळून तो त्यांच्यातून गाणं वाजवतो. मांजराची शेपटी खेचतो, गाईच्या दातांवर ठोके देतो. पुढे तो डिस्ने कंपनीचा चेहरा झाला आणि हळूहळू निवळत गेला. २००६ साली 'मिकी माउस क्लबहाउस' आलं तेव्हा तर तो थेट बालवाडीचा मास्तरच झाला होता: थ्रीडी, गुळगुळीत, आकडे आणि आकार शिकवणारा. कार्यक्रम वाईट नाही. तीन वर्षांचं पोर अर्धा तास एका जागी बसतं, घरच्यांना तेवढाच आराम. पण त्या मिकीला राग येत नाही, घाई होत नाही, त्याचा डाव कधी फसत नाही.

म्हणून २०१३ साली पॉल रुडिशने केलेले मिकीचे छोटे भाग पाहिले तेव्हा मी खूश झालो. नवे म्हणायचे, पण डोळे तीसच्या दशकातले: काळा लंबगोल आणि त्यातून पाचर काढलेली. हातपाय रबरी, लाल चड्डी, तोंड फाकलं की कानापर्यंत. ही पाचर दिसते सोपी, भिंतीवर काढताना घाम काढते. जरा तिरकी झाली की मिकी चकणा. मी आधी काळ्या इनॅमलने डोळा पूर्ण भरतो, तो कडक वाळू देतो आणि मग पांढऱ्याने पाचर काढतो. आधी पांढरं ठेवून भोवती काळं भरत गेलं की कडा फाटते. मे महिन्यातल्या दमट हवेत वाळायला वेळ लागतो, तोवर खाली पोरं विचारत असतात, "याला डोळे कधी येणार?"

भाग जेमतेम तीन-चार मिनिटांचे, आणि त्यात मिकी पार मेटाकुटीला येतो. पहिला भाग पॅरिसमधला, क्रोसाँ पोचवायची धावपळ, सगळे बोलतात ते फ्रेंच. टोकियोतला भाग जपानीत. 'मुंबई मॅडनेस'मध्ये मिकी रिक्षावाला आणि भाडं म्हणून हत्ती. एका भागात फुटबॉल, आणि बोलणं पोर्तुगीज. मडगावला एका जुन्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, काम चालू होतं, तिथल्या म्हाताऱ्या बाईंना मी तो मोबाइलवर दाखवला. त्या पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. "हे ब्राझीलचं," म्हणून त्यांनी आधी नाक मुरडलं आणि मग "परत लाव" म्हणाल्या. भाषा न कळणाऱ्या माझ्या मुलीलाही तेवढंच हसू आलं. खोड शाबूत असली की संवाद समजले काय नि न समजले काय. ही मालिका डोळे मिटून लावावी, मोठ्यांनीही.

जाता जाता: १ जानेवारी २०२४ ला 'स्टीमबोट विली'तला मिकी अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळा झाला, त्याच्या मोठ्या बातम्या आल्या. आमच्या बालवाड्यांच्या भिंतींवर तो बांधलेला कधी होता?

आता 'डक टेल्स'. माझ्या वयाच्या माणसाला हे नाव काढलं की नव्वदच्या दशकातला रविवार आणि हिंदीतलं दूरदर्शन आठवतं, तेव्हा मी काय लिहितो ते थोडं जपूनच वाचा. जुनी मालिका १९८७ ची, नवी २०१७ ची. नवी पाहायला बसलो तो चुका काढायच्या तयारीने. पहिली चूक लगेच सापडली असं वाटलं: स्क्रूजचा कोट लाल! आमच्या स्क्रूजचा निळा. पण कार्ल बार्क्सने १९४७ मध्ये कॉमिकात जन्माला घातलेला हा म्हातारा बदक, आणि कॉमिकवाल्यांच्या मनातला त्याचा कोट लालच. म्हणजे नव्यांनी टीव्हीच्या मागे जाऊन मूळ गाठलं. रंगाऱ्याला असली गोष्ट आवडते.

जुन्या मालिकेत डोनाल्डच्या तिन्ही भाच्यांना वेगळं ओळखायचं ते टोपीच्या रंगावरून. नव्यात तिघं तीन स्वभावांची. ह्युई पुस्तकी, नियम पाळणारा. ड्युई आगाऊ, सगळ्यांनी आपल्याकडे बघावं असं वाटणारा. लुई आळशी, पण पैशाचा वास त्याला आधी येतो. आमच्या घरी तिघांची वाटणी झालेली आहे, मी ड्युई आहे असं मला सांगण्यात आलं. वेबी ही पोरगी तर जुन्यात बाहुली घेऊन मागे मागे फिरणारी; नव्यात ती तिघांना पुरून उरते.

आणि या पोरांची आई कुठे आहे? लहानपणी आम्ही हे कधी विचारलं नाही. डोनाल्ड त्यांचा मामा, स्क्रूज डोनाल्डचा मामा, पण मधली बहीण गेली कुठे? नव्या मालिकेने याच प्रश्नावर घर बांधलंय. डोनाल्ड पोरांना घेऊन होडीतल्या घरात राहतो, स्क्रूजशी दहा वर्षं अबोला, आणि कारण तीच बहीण, डेला. उत्तर इथे फोडत नाही. पण जमिनीच्या वादावरून भाऊ भावाच्या चतुर्थीला जात नाही अशी घरं आपल्याकडे वाड्यावाड्यावर आहेत, त्यांना हा अबोला समजावून सांगावा लागणार नाही. स्क्रूजचा चिकटपणा तसाच, डोनाल्डचा संताप तसाच. एका भागात डोनाल्डला यंत्राने स्वच्छ माणसाचा आवाज मिळतो, आणि इतकी वर्षं तो किती समजूतदार बोलत होता हे सगळ्यांना कळतं. भाचा हसून लोळला.

दोष सांगायचा तर तिसरं पर्व. डिस्नेच्या इतर जुन्या मालिकांतलं कुणी ना कुणी त्यात पाहुणं येतं, आणि मोठ्या कटकारस्थानाच्या भानगडीत बदकांना वेळ पुरत नाही. मार्च २०२१ मध्ये मालिका संपली. पहिली दोन पर्वं सलग बघा, तिसरं वेळ मिळेल तसं. जमलं तर मूळ इंग्रजीत बघा, डेव्हिड टेनंटचा स्कॉटिश स्क्रूज ऐकण्याजोगा आहे.

टॉम आणि जेरीबद्दल लिहायला हात जड होतो. हॅना आणि बार्बेरा या जोडीने १९४० ते १९५८ मध्ये ११४ भाग केले, त्यांना ७ ऑस्कर मिळाले. जवळजवळ एक शब्द न बोलता. टॉमच्या प्रत्येक पावलावर स्कॉट ब्रॅडलीचं संगीत पडायचं. पाऊल आधी की सूर आधी, सांगता यायचं नाही. २०१४ पासूनच्या 'द टॉम अँड जेरी शो'मध्ये चित्रं स्वच्छ आहेत, रंग चांगले आहेत, आणि हालचाल मेलेली आहे. आमच्याकडे नरकासुराचे हात मागून दोरीने ओढतात ना, खांदा जागेवर आणि हात तेवढा वर-खाली, तसा हा टॉम हलतो. जुना टॉम धावायच्या आधी मागे झुकायचा, अंगाचा धनुष्य करायचा, मग सुटायचा. नवा टॉम एकदम धावू लागतो. त्यात चेटकिणींच्या घरातल्या भागांत दोघी बायका बोलतच राहतात, मांजर-उंदीर आपले बाजूला. मुख्य म्हणजे टॉमच्या डोळ्यांत खुन्नस नाही, नुसता बावळटपणा आहे. बावळट मांजराला उंदराने मारलं की हसू येत नाही, दया येते.

२०२१ चा सिनेमा त्याहून विचित्र. माणसं खरी, जनावरं सगळी कार्टून, न्यूयॉर्कच्या हॉटेलात भारतीय मुलीचं लग्न आणि त्यात हत्ती. हत्ती नसेल तर भारतीय लग्न झालं असं हॉलिवूडला वाटतच नाही. टॉम-जेरी लग्नघरात मधेमधे लुडबुड करतात, बाकी गोष्ट माणसांचीच. धाकटी मध्येच उठून अभ्यासाला गेली, यावरून काय ते समजा.

याच्या उलट, २०२३ मध्ये त्यांना सिंगापूरला नेऊन काही छोटे भाग केले, ते मला बरे वाटले. तिथल्या चाळवजा इमारती, तिथलं खाणं, संवाद नाहीत. जागा बदलली, भांडण तेच. मला तर वाटलं, यांना एकदा आमच्याकडे पाठवा. पाववाल्या पोदेराच्या टोपलीत जेरी, खाली आदोळीवर नारळ खवत बसलेली आजी, आणि वाळत घातलेल्या सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर, टॉमचा डोळा. भाग लिहायला कुणी लागणारच नाही.

'लूनी ट्यून्स कार्टून्स' २०२० मध्ये आलं तेव्हा बोंब झाली होती की शिकारी एल्मर फडची बंदूक काढून घेतली. खरंच सुरुवातीला त्याच्या हातात कोयता दिला. मला वाटलं, झालं, इथेही रंधा फिरला. पण तसं नाही. बंदूक गेली, डायनामाइट राहिला, आणि एल्मरची खुनशी नजर जशीच्या तशी. बग्ज ससा तितकाच छळवादी. रेषा जुन्या चाळीसच्या दशकातल्या, तोंडं ताणली की भिंतीबाहेर जातील अशी. मी यातली दोन तोंडं नरकासुराच्या मुखवट्यासाठी उचलायचं ठरवलंय.

'वेल्मा', २०२३. स्कूबी-डूच्या मंडळींवर मोठ्यांसाठी मालिका, आणि त्यात स्कूबी कुत्राच नाही. पुढे काय लिहू? मुलांना लावू नका, स्वतःही लावलीत तर माझं नाव सांगू नका.

राहिला 'जंगल बुक'. मूळ जपानी मालिका १९८९ ची, आपल्याकडे दूरदर्शनवर हिंदीत आली आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. त्या आवाजाचा आम्हाला धाक होता. २०१० साली हैदराबादच्या डीक्यू कंपनीने थ्रीडीत मालिका काढली. मोगली नेटका आहे, पण जनावरांचं अंग प्लॅस्टिकचं, आणि शेरखान आला तरी धाकटी चकली खात बसते. पुढे २०१६ मध्ये डिस्नेचा मोठा सिनेमा आला, त्याच्या हिंदी डबिंगमध्ये शेरखान पुन्हा नाना. वाघ कॉम्प्युटरवरचा, आवाज तोच. चकलीचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. चित्र कुणीही काढा, तेवढा गर्व त्या वाघाच्या गळ्यात हवाच.

मराठीत यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. भाच्याचं हिंदी कार्टूनांवरच पोसलंय, "बाबा, जल्दी करो" असं म्हणतो आणि वर माझ्याकडे बघतो, कळलं का म्हणून.

यंदा एका बालवाडीने नेमका शेरखानच मागितलाय. बाईंची अट: "दात नकोत हां बाब, पोरं घाबरतात." मी म्हटलं, बिनदातांचा वाघ मी काढत नाही, मग मनीमाऊ काढून देतो, पैसे तेवढेच. बाई म्हणाल्या, मनीमाऊ गेल्या वर्षीचीच आहे भिंतीवर. बराच वेळ घासाघीस झाली आणि अखेर एका सुळ्यावर ठरलं.