केरळ की कोरोमंडल: नागपूरहून निघताना काय निवडावं

दक्षिणेचा समुद्र बघायचा ठरला, की आधी सुट्टी कोणती ते पाहा. दिवाळीची असेल तर कोरोमंडलचं, म्हणजे तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्याचं, नाव काढू नका. आपला पाऊस संपतो तेव्हा तिकडचा सुरू होतो. सह्याद्रीच्या आडोशामुळे नैर्ऋत्य मोसमी पाऊस तमिळनाडूच्या किनाऱ्याला थोडाच मिळतो. ऑक्टोबरात वारे फिरले की बंगालच्या उपसागराची वाफ घेऊन ते डिसेंबरपर्यंत झोडपतात. चक्रीवादळंही याच दिवसांतली. केरळात तेव्हा दुपारनंतर गडगडाटी सरी येतात, सकाळ बहुतेक मोकळी मिळते.

केरळ एक्सप्रेसने एर्नाकुलम साधारण 30 तास. ही गाडी कोट्टायममार्गे जाते, हाउसबोटींचं अलप्पुळा (अलेप्पी) तिच्या वाटेवर नाही. म्हणून आधी फोर्ट कोची, मग रस्त्याने अलप्पुळा, तिथून सरकारी जलवाहतूक खात्याच्या बोटीने अडीचेक तासांत कोट्टायम आणि तिथूनच परतीची गाडी, असा क्रम लावा. हाउसबोट दुपारी निघते आणि साडेपाचच्या सुमारास काठाला बांधतात, कारण मग मच्छीमारांची जाळी पडतात. पैसे रात्रीचे, फिरणं चार-पाच तासांचं. फोर्ट कोचीजवळच्या मट्टनचेरीला शुक्रवार-शनिवार टाळा: राजवाडा शुक्रवारी बंद, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी.

जानेवारी-फेब्रुवारीत जमत असेल तर मात्र कोरोमंडलच. चेन्नई 17-18 तासांवर, एका रात्रीचा प्रवास. तिथून 55-60 किलोमीटरवर मामल्लपुरम, आठव्या शतकातलं पल्लव राजांचं किनारा मंदिर. समुद्रात मात्र उतरू नका, ओढ फार आहे. पुढे पुदुच्चेरी आणि 1620 चा डॅनिश किल्ला असलेलं तरंगमबाडी.

तंजावर समुद्रावर नाही, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आहे, तरी ते वगळू नका. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तिथे मराठी राज्य उभं केलं. बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भिंतीवर त्याच घराण्यातल्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, देवनागरीत आणि मराठीत. तमिळ मुलखात दगडावरची ती अक्षरं आपल्याला वाचता येतात. नागपूरचे भोसले वेगळ्या शाखेचे, पण वारस नसल्याचं तेच कारण पुढे करून ईस्ट इंडिया कंपनीने 1854 मध्ये नागपूर घेतलं आणि 1855 मध्ये तंजावरची गादी मोडली.

मे महिन्यात दोन्हीकडे घामाच्या धारा. जायचंच असेल तर केरळ, आणि 25 मेच्या आत परत. मान्सून 1 जूनच्या आसपास तिथे पोचतो आणि काही वर्षी आधीच.