कानबान बोर्डचे आठ महिने आणि माझा उजवा अंगठा

आधीच सांगतो, कामं कुठवर आली ते कॉलम आणि कार्डांत दाखवणारा बोर्ड म्हणजे कानबान बोर्ड. आमचा ज्यावर चालतो त्या अ‍ॅपचं नाव घेणार नाही. वर्षाचे पैसे भरलेत, चार महिने शिल्लक आहेत आणि सपोर्टवाल्यांशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे. ट्रेलो, जिरा, असाना ही असलीच अ‍ॅप वापरणाऱ्यांना सगळं ओळखीचंच वाटेल. तेच कॉलम, तीच कार्डं, तेच बोटाने धरून सरकवणं. त्यामुळे ओळख करून देत बसत नाही.

लोअर परळला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचा ऑफसेट छपाईचा गाळा आहे. मशीनवर मामा, डिझाइनला एक मुलगी, कटिंगला एक जण, बाइंडिंगला दोघं आणि मी. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची पावती पुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल. पूर्वी प्रत्येक जॉबचं एक खाकी पाकीट असायचं, वर नाव, कागद, रंग, तारीख. पाकीट ज्या टेबलावर, काम तिथे. पद्धत वाईट नव्हती. फक्त मी दादरला गाडी बदलत असताना कुणी फोनवर "आमचं कुठपर्यंत आलं?" विचारलं, की "मशीनवर आहे" असं ठोकून द्यावं लागायचं. मशीनवर क्वचितच असायचं.

मे महिन्यात भाच्याने बोर्ड लावून दिला. कॉलम असे: नवीन, डिझाइन, प्रूफ (गिऱ्हाइकाने तपासायचा नमुना), प्लेट (ज्यावरून छापतात तो पत्रा), छपाई, कटिंग-बाइंडिंग, डिलिव्हरी, बिल. दर माणशी महिना पाचशेच्या आसपास. सहा माणसांचे वर्षाला ३६,००० होत होते. मी एकाच माणसाचे भरले आणि तेच लॉगिन सगळ्यांना दिलं. भाचा मला म्हणाला, "मामा, असं करू नको." मी केलं. याचं पुढे येईल.

पहिला दीड महिना मी या बोर्डाची इतकी तारीफ करत होतो की बायको कंटाळली. आणि मग जुलै आला.

आता मुख्य तक्रार. फोनवर एका वेळी एकच कॉलम दिसतो. पुढचा बघायचा तर बोट आडवं फिरवायचं. कार्डावर बोट जरा जास्त वेळ टेकलं की ते उचललं जातं, आणि तसंच कडेला गेलं की शेजारच्या कॉलममध्ये जाऊन बसतं. एसी केबिनमध्ये बसून बनवणाऱ्याला हे छानच वाटणार. डोंबिवली फास्टमध्ये एक हात वर कडीला, दुसऱ्यात फोन, पाठीत कुणाचं तरी दप्तर अशा अवस्थेत कुर्ल्याला धक्का बसला की अंगठा कुठे टेकेल आणि किती वेळ टेकेल, हे माणसाच्या हातात राहत नाही. "खरंच सरकवायचं का?" एवढा एक प्रश्न स्क्रीनवर यायला काय हरकत आहे? फोटो पुसताना विचारतात, मेसेज पुसताना विचारतात. इथे गिऱ्हाइकाचा कागद फुकट जाईपर्यंत कुणी विचारत नाही.

गेला. एका गणेशोत्सव मंडळाची ५० पावती पुस्तकं होती, प्रत्येकी १०० पावत्या. गेल्या वर्षीच्या फाइलवरून प्रूफ काढलं होतं, खजिनदार बघून कळवणार होते. कार्ड प्रूफमधून प्लेटमध्ये गेलं. प्लेटमध्ये कार्ड म्हणजे मंजूर, असा आमचा नियम. मुलीने फाइल पाठवली, प्लेटा आल्या, मामांनी छापलं, नंबरिंगही झालं. पाच हजार पावत्या, आणि प्रत्येकीवर अध्यक्ष म्हणून मावळत्या अध्यक्षांचं नाव. नवे अध्यक्ष पुस्तकं न्यायला स्वतः आले होते. तो अर्धा तास मी विसरू शकत नाही. कागद, प्लेटा, मजुरी धरून साडेचार हजार गेले, आणि पुढच्या वर्षीचं काम गेलं ते वेगळंच.

मी मुलीवर ओरडलो. ती म्हणाली, "सर, कार्ड प्लेटमध्ये होतं म्हणून पाठवलं." कुणी सरकवलं म्हणून हिस्टरी उघडली, तर नाव माझं. अर्थात, नाव सगळ्यांचं माझंच, लॉगिनच एक! पण वेळ होती सकाळी ९.०४. आमचं शटर ९.३० ला उघडतं. ९.०४ ला मी गाडीत उभा असतो. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "कालची चूक माझी होती." ती म्हणाली, "वेळ बघून मला कालच कळलं होतं, सर."

सपोर्टला लिहिलं. उत्तर नम्र, दोन दिवसांनी, "आपली सूचना संबंधित टीमकडे पाठवली आहे." चार वेळा लिहिलं, चारही वेळा तेच.

मग मी रागाने स्वतःच इलाज केला. प्रूफ आणि प्लेटच्या मध्ये एक जादा कॉलम घुसवला, नाव "होकार बाकी". अंगठा घसरला तरी कार्ड त्या मोकळ्या जागेत पडावं, प्लेटपर्यंत पोचू नये, एवढाच हेतू. मुलीने मात्र त्याचा शब्दशः अर्थ घेतला. प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की कार्ड तिथे टाकायला लागली.

आणि इथे माझं मत बदललं. एका सोमवारी सकाळी बोर्डावर ३४ कार्डं होती. छपाईत ४. "होकार बाकी"मध्ये १३. मी पुन्हा मोजली. आमच्याकडे कामं तुंबतात ती मशीन कमी पडतं म्हणून, असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो. जुनं दुसरं मशीन बघूनही आलो होतो, टोकन द्यायचं बाकी होतं. आणि मामा कित्येकदा मशीन पुसत बसलेले असतात ते मला आळस वाटायचं. कामं मशीनपाशी अडलेलीच नव्हती. ती गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये न बघितलेल्या प्रूफच्या रूपात पडली होती. खाकी पाकिटाच्या जमान्यात हे दिसायचं नाही, कारण पाकीट डिझाइनच्या टेबलावरच असायचं आणि टेबल भरलेलं म्हणजे काम चाललंय असं वाटायचं. टोकन दिलं नाही.

भाच्याला सांगितलं तर त्याने लिटलचा नियम ऐकवला. जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ साली सिद्ध केलेला. हातातली कामं म्हणजे रोज संपणारी कामं गुणिले एका कामाला सरासरी लागणारे दिवस. आमची रोजची तीन संपतात, हातात ३४, म्हणजे एकेका कामाला अकरा दिवस. दिवस कमी करायचे तर हातातली कामं कमी ठेवा. म्हणून "होकार बाकी"वर आठची मर्यादा घातली. आठ कार्डं झाली की मुलीने नवीन प्रूफ सुरू करायचं नाही, फोन उचलायचा आणि होकार मागायचा. पहिले पंधरा दिवस मला ती रिकामी बसल्यासारखी वाटून जीव तळमळला. आता बोर्डावर वीसच्या आसपास कार्डं असतात आणि काम आठवड्यात बाहेर पडतं.

कानबानची मूळ कल्पना टोयोटाची, तिथले इंजिनिअर ताइची ओनो यांची. अमेरिकन सुपरमार्केटमध्ये फळीवरचा माल उचलला गेला की तेवढाच पुन्हा भरतात, तेच त्यांनी १९५३ मध्ये कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये आणलं. कानबान म्हणजे पाटी. पुढचा मागेल तेव्हाच मागच्याने बनवायचं. आम्ही उलट, मागून ढकलत होतो. (मुंबईत हा विषय काढला की कुणीतरी डबेवाल्यांचं नाव घेतंच. डब्यावरच्या खुणा तो कुठे जायचाय ते सांगतात, होकार कुठे अडलाय ते नाही. आणि डब्याला प्रूफ लागत नाही.)

बाकी किरकोळ. फोटो जोडणं झकास. नोटिफिकेशन सगळी बंद करा. मराठीत शोधायला गेलात तर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की कार्ड सापडत नाही, आणि आमच्याकडे "पत्रिका" तीन प्रकारे लिहिलेली आहे. नेट गेलं की तळमजल्यावरच्या गाळ्यात अ‍ॅप दगड होतं.

पुढच्या वर्षी घेणार का? घेईन, आणि या वेळी दोन लॉगिन घेईन, एक माझं आणि एक गाळ्याचं. सहा नाही.

परवा सपोर्टकडून पाचवं उत्तर आलं. अडचण "प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत" कशी येते, त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवा म्हणतात. सकाळी आठला डोंबिवलीच्या फास्टच्या फलाटावर या, असं उत्तर लिहून ठेवलंय. पाठवायचं बाकी आहे.