इंटरेस्ट-ओन्ली मॉर्गेज: वर्षभराच्या वापरानंतर

ब्रिटनमध्ये घर घेताना आम्ही इंटरेस्ट-ओन्ली मॉर्गेज, म्हणजे दरमहा फक्त व्याज भरायचं गृहकर्ज, निवडलं, त्याला वर्ष उलटून गेलं. ‘तुमचा हप्ता एवढा कमी कसा?’ असं ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

हप्ता कमी, कारण त्यात मुद्दल नाहीच. २ लाख पौंडांचं कर्ज, २५ वर्षं मुदत आणि ५ टक्के दर धरा. साध्या रिपेमेंट मॉर्गेजला, म्हणजे हप्त्यात व्याज आणि मुद्दल दोन्ही फेडायच्या कर्जाला, महिन्याला साधारण १,१६९ पौंड जातात, फक्त व्याज भरायचं तर ८३३. महिन्याचे ३३६ पौंड हातात राहतात. पण मुदत संपते तेव्हा रिपेमेंटवाल्याचं कर्ज फिटलेलं असतं आणि आपले २ लाख जसेच्या तसे उभे असतात. वर व्याजही जास्त: त्याचं सगळं मिळून १ लाख ५१ हजारांच्या आसपास, आपलं अडीच लाख. पहिलं वार्षिक स्टेटमेंट आलं तेव्हा हे नीटच दिसलं. बारा हप्ते वेळेवर गेले होते, तरी बाकी उतरली होती ती आम्ही वरून भरलेल्या रकमेपुरतीच.

मग हे घेतलंच कशाला? नवऱ्याची कमाई दरमहा सारखी नसते, वर्षातून एकदा मोठी रक्कम येते. एरवी हप्ता हलका ठेवायचा आणि पैसे आले की मुद्दलावर मारायचे, असं आमचं गणित. फिक्स्ड दराच्या काळात बहुतेक बँका वर्षाला शिल्लक कर्जाच्या १० टक्क्यांपर्यंत ओव्हरपेमेंट (हप्त्याच्या वर भरलेली रक्कम) दंडाशिवाय घेतात, आमचीही घेते. २ लाखांवर २० हजार भरले की ५ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता ८३ पौंडांनी उतरतो. या कर्जातलं मला सगळ्यात आवडलेलं हेच: भरल्याचा परिणाम पुढच्याच हप्त्यात दिसतो.

कर्ज मिळवताना मात्र घाम निघाला. २०१४ च्या एप्रिलपासून इथल्या नियमांनुसार मुद्दल कशातून फेडणार याची पटण्याजोगी योजना बँकेला आधी दाखवावी लागते. ‘घराच्या किमती वाढतीलच की’ हे उत्तर चालत नाही. राहतं घर विकून लहान घरात जाऊ, हे काही बँका मान्य करतात, पण घरात तुमचा स्वतःचा वाटा भरपूर हवा. आम्ही आयसाची (इथलं करमुक्त बचत-गुंतवणूक खातं) स्टेटमेंट्स आणि पेन्शनचे कागद दिले. मुदतीच्या मधेही बँकेने योजनेची चौकशी करायची असते, त्यामुळे ती फाइल बंद झाली असं समजू नका.

ही कडक तपासणी उगाच आलेली नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत एन्डॉवमेंट पॉलिसी (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली योजना) गळ्यात मारून अशी कर्जं सर्रास दिली गेली. पॉलिसी कर्ज फेडून वर काही शिल्लक टाकेल असं सांगितलं जायचं. परतावा पडला आणि लाखो घरांना तूट आली. २०१३ मध्ये एफसीएने, म्हणजे इथल्या वित्तीय नियामक संस्थेने, अंदाज मांडला तेव्हा अशी साधारण २६ लाख कर्जं फिटायची होती आणि जवळपास निम्म्यांना शेवटी पैसे कमी पडण्याची शक्यता होती.

आता खरा मुद्दा. वाचलेले ३३६ पौंड दरमहा गुंतवले तर २ लाख होतात का? होतात, पण कर आणि खर्च वजा जाता वर्षाला ५ टक्के मिळाले तरच, म्हणजे कर्जाचा दर आहे तेवढेच. ३ टक्केच मिळाले तर दीड लाखाच्या आसपास थांबाल, ५० हजारांचा खड्डा. म्हणून कुणी ‘गुंतवणुकीतून आरामात फिटेल’ म्हणालं की मी आधी दर विचारते. आयसामध्ये वर्षाला २० हजार पौंडांपर्यंत टाकता येतात आणि वाढीवर कर नाही, हे ठीक. पण शेअर बाजारातला आयसा मुदत संपायच्या महिन्यात वर असेल असं कुणी लिहून देत नाही. शेवटची काही वर्षं पैसे हळूहळू रोखीकडे वळवायचे असं आम्ही ठरवलंय.

पेन्शनचं गणित तर फारच फसवं. साठलेल्या रकमेतला सर्वसाधारणपणे करमुक्त मिळतो तो पाव हिस्सा. म्हणजे त्यातून २ लाख काढायचे तर पेन्शनमध्ये ८ लाख हवेत! आणि ती रक्कम कर्जात गेली की म्हातारपणाला उरलं काय? शिवाय खासगी पेन्शनला हात लावायचं वय २०२८ च्या एप्रिलपासून ५५ वरून ५७ होतंय. आमच्या योजनेत पेन्शन फक्त कागदावर आधाराला आहे.

ज्यांचा पगार दरमहा ठरलेला आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. वाचलेले पैसे सुट्टीत, गाडीत, कुठेही जातात. आमचा आयसाचा डेबिट मॉर्गेजच्या हप्त्याच्याच तारखेला लावलाय, तेव्हा कुठे ते टिकलं. काही महिन्यांचीच ओढाताण असेल तर २०२३ च्या मॉर्गेज चार्टरवर (अडचणीतल्या कर्जदारांना सवलती देण्याचा बँकांचा सरकारशी झालेला करार) सही केलेल्या बँका, हप्ते थकलेले नसल्यास, रिपेमेंटवाल्यांनाही ६ महिने फक्त व्याज भरू देतात. तेवढ्यासाठी अख्खं कर्ज या प्रकारचं घेण्याची गरज नाही. अर्थात नंतरचे हप्ते थोडे वाढतात.

आमचा फिक्स्ड दर संपेल तेव्हा निम्मं कर्ज रिपेमेंटवर टाकायचा विचार आहे. इथे त्याला पार्ट-अँड-पार्ट म्हणतात. नवऱ्याला वाटतं, एवढं कशाला, ओव्हरपेमेंट चालूच आहे की. पण ओव्हरपेमेंट आपल्या मर्जीवर असतं आणि हप्ता नसतो, म्हणून ब्रोकरकडून दोन्हीचे आकडे मागवलेत.