मायक्रोसॉफ्ट टीम्स (ऑफिसचं चॅट-कॉलचं अ‍ॅप) वापरून आठ महिने झाले, नावापुढच्या हिरव्या ठिपक्याबद्दल लिहितोय

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत डिस्पॅच बघतो मी. आमचं ऑफिस विश्रामबागला, फौंड्री कुपवाडला आणि मशीन शॉप मिरज एमआयडीसीत, त्यामुळं निम्मा दिवस एकमेकांना शोधण्यातच जायचा. पुण्याच्या पार्टीचा फोन आला की गाडी निघाली का, तर मी आधी स्टोअरच्या काकांचं एक्स्टेंशन लावणार, वाजतंय वाजतंय कोण उचलत नाही, मग मोबाईल तर तो बिझी, मग व्हॉट्सअ‍ॅप, मग मेल, आणि तोवर पार्टीचा दुसरा फोन आलेला असायचा.

आता टीम्स आणि मेलचं आउटलुक दोन्ही एकाच अकाउंटवर आहे. चॅट, कॉल आधीपण होतंच, पण मला सगळ्यात कामाचा वाटला तो ठिपका, कारण मेल उघडा नाहीतर चॅट, माणसाच्या नावाशी तोच दिसतो. कॅलेंडरला मीटिंग टाकली असेल तर आपोआप लाल, टीम्सवर कॉल चालू असला तरी लाल. हिरवा दिसला की मी सरळ कॉल लावतो, लाल असेल तर दोन ओळी लिहून पुढच्या कामाला लागतो.

आमचे भट्टीवरचे सुपरवायझर तर पोरिंग (वितळलेलं लोखंड साच्यात ओतणं) सुरू व्हायच्या आधी डू नॉट डिस्टर्ब लावतात आणि स्टेटस मेसेज टाकतात, "पोरिंग चालू, ११:४० नंतर बोला". मी त्यांना काही लिहायला गेलो की ते टाईप करायच्या जागेवरच दिसतं, आणि वेळ लावून ठेवली की तो मेसेज नंतर आपला आपण निघून जातो. वितळलेलं लोखंड समोर असताना माणसाच्या खिशातला फोन वाजू नये, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. कॉम्प्युटरला पाच मिनिटं हात लागला नाही की ठिपका पिवळा होतो, म्हणजे माणूस जागेवर नाही, मोबाईलवर अ‍ॅप मागं गेलं तरी पिवळाच. आमच्याकडं सुरुवातीला वरनं विचारणा झाली, हा माणूस दिवसभर पिवळा कसा काय? अहो तो शॉपवर उभा राहून माल मोजतोय, खुर्चीत बसलाय कधी! ठिपक्यावरनं हजेरी घ्यायला लागलात तर लोक उगाच माऊस हलवत बसतील आणि मग त्या हिरव्यावर माझा काय भरवसा राहणार. मी हे मीटिंगमध्ये उभं राहून बोललो, तेव्हापासनं ते विचारणं बंद झालं.

अजून एक राहिलंय. गेट आणि भट्टीजवळ जुना इंटरकॉम आहे तो याला जोडलेला नाही, आधी स्टोअरलाही तोच होता, त्यामुळं काका इंटरकॉमवर बोलत असले तरी इथं हिरवेच दिसायचे आणि माझा कॉल वाजून वाजून बंद व्हायचा. म्हणून स्टोअरचे फोन तेवढे टीम्सवर घेतले, आता काका हेडफोन लावून माल काढतात. गेटचं अजून व्हायचंय, त्याची मागणी मी लेखी दिलीय.